पट मांडा, मग भाकीत सांगा

भाकीत खरं ठरलं म्हणून नाचू नका, दोस्तहो. खरं ठरलेलं भाकीतसुद्धा थाप असू शकतं.

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूर. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. एका बाजूला चीनचा डिंग लिरेन, जगज्जेता, वय ३२. समोर चेन्नईचा डी. गुकेश, वय १८. तेरा डावांनंतर हिशेब साडेसहा-साडेसहा. पांढरी मोहरी डिंगकडे. पंचावन्नावी चाल. गुकेशचं एक प्यादं जास्त आहे, पण दोघांचाही एकेक हत्ती, एकेक उंट पटावर उभा आहे. नीट धरून बसलं तर डाव बरोबरीत सुटतो. डिंगनं हत्ती उचलला आणि दुसऱ्या रांगेत राजाजवळ आणून ठेवला. समोर गुकेशचा हत्ती. हत्तीनं हत्ती मारला, राजानं हत्ती मारला. मग कोपऱ्यात अडकलेल्या डिंगच्या उंटासमोर गुकेशनं आपला उंट आणून उभा केला. उंटही गेले. उरले राजे आणि प्यादी, आणि त्या हिशेबात पांढऱ्याचं मरण पक्कं. आणखी एकेक चाल, आणि डिंगनं हात पुढे केला.

साडेसात-साडेसहा. गुकेश जगज्जेता.

दुसऱ्या दिवसापासून तमाम पंडित कॉलर ताठ करून हजर. आम्ही म्हटलंच होतं! गुकेशच जिंकणार!

काय म्हटलं होतं रे तुम्ही? नीट आठवा.

तुम्ही म्हटलं होतं, डिंग संपलाय. जानेवारी २०२४ नंतर त्यानं एकही क्लासिकल डाव जिंकलेला नाही. जगाच्या यादीत तो तेविसाव्या नंबरावर घसरलाय, गुकेश पाचव्यावर आहे. नैराश्यातून गेल्याचं तो स्वतःच सांगतोय. पोरगं त्याला चिरडून टाकील. चौदा डाव लागायचेच नाहीत.

आणि झालं काय? पहिल्याच डावात त्या संपलेल्या माणसानं काळी मोहरी घेऊन गुकेशला आडवा केला. तिसऱ्यात गुकेशनं वसुली केली. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डाव बरोबरीत. अकरावा गुकेशनं मारला. पंडित म्हणाले, कारभार आटोपला. दुसऱ्याच दिवशी बाराव्यात डिंगनं तो असा परत केला की बघणाऱ्यांची वाचा बसली. तेरावा पुन्हा बरोबरी. आणि चौदाव्यात हत्तीची एक चाल. ती चाल चुकली नसती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक होता, आणि जलद डावांत डिंगचं पारडं जड असं कित्येक जाणकार मानत होते.

म्हणजे नाव तेवढं बरोबर आलं. बाकी सगळं चुकलं. रीत चुकवून उत्तर तेवढं बरोबर लिहिणाऱ्या पोराला मास्तर मार्क देत नाही. यांना मात्र शाल-श्रीफळ.

गुकेशचं मोठेपण मी कमी करत नाही. बरोबरीची वाट बघत बसलेल्या माणसाला तासन् तास दाबत राहणं, एक प्यादं जास्त आहे एवढ्यावर डाव सोडून न देणं, यालाच खेळणं म्हणतात. समोरचा चुकतो, कारण आपण त्याला चुकायची जागा शिल्लक ठेवलेली असते. रशियाचा माजी जगज्जेता व्लादिमिर क्रॅमनिक यानं मात्र त्या रात्री नाक मुरडलं. इतक्या पोरकट चुकीवर जगज्जेतेपद कधी ठरलं नव्हतं, असा त्याचा सूर. या क्रॅमनिकला लक्षात ठेवा. त्याचा हिशेब पुढे येणार आहे.

२

आता जुनी खातेवही काढू.

१९२७, ब्युनोस आयरेस. जगज्जेता क्युबाचा कापाब्लांका. आव्हान देणारा अलेखिन. तोवर अलेखिननं कापाब्लांकाला एकदाही हरवलेलं नव्हतं. एकदाही नाही! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांका पहिला आला, अलेखिन त्याच्यामागे अडीच गुणांनी. पंडितांनी हात झटकले. हा काय सामना आहे? हा तर उपचार! चौतीस डाव झाले. अलेखिन सहा जिंकला, तीन हरला, पंचवीस बरोबरीत. उपचार उरकायला आलेला राजा मुकुट ठेवून गेला, आणि परतीचा सामना अलेखिननं त्याला जन्मात दिला नाही.

१९३५, हॉलंड. आता अलेखिन देव झालेला. समोर माक्स ऑयवे, गणिताचा मास्तर. पोरांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात बुद्धिबळ खेळणारा माणूस. सुरुवातीला अलेखिननं आघाडीही घेतली. पंडित सुखानं झोपले. तीस डावांनंतर मास्तर साडेपंधरा, देव साडेचौदा.

१९६१, मॉस्को. रिगाचा मिखाइल ताल. आदल्या वर्षी वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यानं बोटविनिकला साडेबारा-साडेआठ असं धुतलेलं. परतीच्या सामन्याला बोटविनिक ४९ वर्षांचा. म्हातारं आता काय करणार? म्हाताऱ्यानं वर्षभर बसून पोराचे डाव सोलून काढले आणि १३-८ असा मुकुट परत नेला. ताल तेव्हा मूत्रपिंडाच्या दुखण्यानं बेजार होता, हेही खरं. पण दुखणं भाकिताच्या कोष्टकात कुठं मांडलं होतं?

२०००, लंडन. जगज्जेता गॅरी कास्पारोव. १९८५ पासून त्याला सामन्यात कुणी हात लावलेला नाही. समोर हाच क्रॅमनिक. क्रॅमनिकनं काळी मोहरी घेऊन बर्लिन बचाव नावाची जुनी, धूळ खात पडलेली भिंत उभी केली. कास्पारोव पंधरा डाव त्या सामन्यात धडकत राहिला. एक डाव जिंकला नाही. एकही नाही! क्रॅमनिक साडेआठ, कास्पारोव साडेसहा.

आणि गुकेशचंच घ्या ना. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स स्पर्धा होती. जो जिंकेल तो जगज्जेत्यासमोर बसणार. जगातला अव्वल नंबरचा खेळाडू मॅग्नस कार्लसन स्पर्धेआधी बोलून गेला की गुकेश जिंकेल अशी मला कल्पनाच करता येत नाही. गुकेश चौदातले नऊ गुण घेऊन पहिला आला. सतरा वर्षांचं पोर. आठ महिन्यांनी सिंगापूरला त्याच पोराकडे सगळे बोट दाखवायला लागले: हाच, हाच जिंकणार! कुठल्या तोंडानं?

आणि डिंग तरी? तो जगज्जेता होईल हे कुणाच्या स्वप्नात होतं? सर्गेई कार्याकिननं युक्रेनवरच्या हल्ल्याची उघड तरफदारी केली, म्हणून २०२२ साली फिडेनं त्याच्यावर बंदी घातली. त्याची जागा रिकामी झाली. ती मिळवायला डिंगला चीनमध्ये घाईघाईनं डाव खेळून डावांची संख्या भरावी लागली. माद्रिदला तो दुसरा आला. दुसऱ्याला कोण विचारतो? पण कार्लसननं गादीच सोडली, आता मला हे सामने खेळायचे नाहीत म्हणाला. मग पहिला आलेला नेपोम्नियाची आणि दुसरा डिंग, अशी जोडी २०२३ साली अस्तानाला बसली. चौदा डाव सात-सात. जलद डावांत डिंग अडीच, नेपोम्नियाची दीड. एक बंदी, एक राजीनामा, घाईत खेळलेले डाव, आणि त्यातून जगज्जेता. कुठल्या पंचांगात होतं हे?

३

आता कुणी शहाणा उठेल आणि म्हणेल: तू चुकलेलीच भाकितं निवडून काढलीस. बरोबर आलेली दाबलीस.

कबूल. त्याचं बरोबर आहे. २०१३ साली चेन्नईत कार्लसन आनंदला हरवील असं बहुतेकांना वाटत होतं, आणि त्यानं साडेसहा-साडेतीन असं हरवलं. २०२१ साली दुबईत तोच नेपोम्नियाचीला भारी पडेल असं सगळे म्हणत होते, आणि साडेसात-साडेतीन असा भारी पडला. वजनदार बहुतेक वेळा जिंकतो. म्हणून तर त्याला वजनदार म्हणायचं. हे नाकारणारा आंधळा.

आणि मोजमाप करायलाही माझा विरोध नाही. अमेरिकेत अर्पाद एलो नावाचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, मूळचा हंगेरीचा. त्यानं एक सूत्र काढलं आणि १९७० साली फिडेनं ते स्वीकारलं. तुझे आजवरचे डाव, समोरच्यांची ताकद, त्यातून एक आकडा. दोघांच्या आकड्यातला फरक काढला की कळतं, शंभर डावांत कुणाच्या पदरात साधारण किती गुण पडावेत. सिंगापूरला गुकेशचा आकडा २७८३, डिंगचा २७२८. फरक ५५. सूत्र म्हणतं, गुकेशला शंभरातले सुमारे ५८. चौदा डावांत आठ-सहा. प्रत्यक्षात झालं साडेसात-साडेसहा. बघा! पंडितांपेक्षा सूत्र किती सरळ बोललं. ते म्हणालं, थोडा जड आहे. चिरडून टाकील असं म्हणालं नाही. संपलाय असं तर अजिबात म्हणालं नाही.

आकड्याला लाज असते. पंडिताला नसते.

पण आकड्यालाही सगळं कळत नाही. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की बसले. फिशरचा आकडा २७८५, स्पास्कीचा २६६०. सूत्राप्रमाणे फिशर फारच जड. पण त्या दोघांचे आपसातले जुने डाव काढले तर स्पास्की तीन जिंकलेला, दोन बरोबरी, फिशर शून्य. एकाच माणसाचे दोन भूतकाळ, आणि दोघं दोन दिशांना बोट दाखवतायत. कुठला खरा? फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही, शून्य-दोन असा मागं पडला. कुणीही म्हटलं असतं, पेटी बांधा. शेवटी फिशर साडेबारा, स्पास्की साडेआठ. सिंगापूरलाही तीच गत. आकडा गुकेशकडे, पण आपसातल्या क्लासिकल डावांत डिंग दोन जिंकलेला, एक बरोबरी, गुकेश शून्य. ही गोष्ट आम्ही-म्हटलंच-होतं वाल्यांनी आता गिळून टाकली.

सामना असतो बारा, चौदा, चोवीस डावांचा. शंभराचा नसतो. सिंगापूरच्या चौदातले नऊ बरोबरीत गेले, पाचांचा निकाल लागला. पाच डावांवर जगज्जेतेपद! नाणं पाच वेळा उडवलं तर तीन-दोन पडतंच. शंभरातले ५८ म्हणजे बेचाळीस समोरच्याचे. पंडित ५८ बघतो आणि बेचाळीस जाळून टाकतो. त्याला 'बहुतेक' हा शब्द बोलता येत नाही. बहुतेक म्हटलं की त्याचं पंडितपण उतरतं.

४

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चुकू द्या की पंडितांना. कुणाच्या ताटातलं काय जातं?

जातं. माणसाची अख्खी जिंदगी जाते. आता आपण मुद्द्यावर आलो.

अलेक्सेई शिरोव. रिगाचाच, तालच्या गावचा, पुढे स्पेनकडून खेळणारा. १९९३ साली कास्पारोव आणि शॉर्ट फिडेतून बाहेर पडले होते आणि जगज्जेतेपदाचं वेगळं दुकान मांडून बसले होते. १९९८ साली ठरलं की स्पेनमधल्या काझोर्ला गावी शिरोव आणि क्रॅमनिक खेळतील. जो जिंकेल तो कास्पारोवसमोर बसेल. सगळ्यांची बोटं क्रॅमनिककडे. शिरोव दोन जिंकला, सात बरोबरीत, एकही हरला नाही. साडेपाच-साडेतीन. पटावर, सगळ्यांसमक्ष, नियमानं.

मग कास्पारोव-शिरोव सामना कधी झाला?

झालाच नाही.

पैसा उभा राहिला नाही म्हणे. स्पेनमधले पैसेवाले मागे हटले, दुसरीकडून आलेली रक्कम कास्पारोवला पुरेशी वाटली नाही. का नाही उभा राहिला पैसा? कारण भाकीत ठरलेलं होतं! शिरोवनं तोवर कास्पारोवविरुद्ध एकही क्लासिकल डाव जिंकलेला नव्हता, नुसता मार खाल्लेला. एकतर्फी सामना, तिकीट कोण काढणार, असं उघड बोललं जात होतं. शिरोवला त्याच्या कष्टाचे पैसे कास्पारोवशी होणाऱ्या सामन्यातूनच मिळायचे होते. सामनाच नाही, तर पैसे कुठले? दोन वर्षांनी कास्पारोवसमोर खुर्चीत कोण बसलं? क्रॅमनिक! शिरोवनं ज्याला हरवलं तो! आणि त्यानं कास्पारोवला हरवलं.

आता जुळवा. शिरोव कास्पारोवसमोर टिकणार नाही, हे भाकीत कधी तपासलं गेलं? कधीच नाही. ते चुकलं का? कुणाला ठाऊक! डावच झाला नाही. पण ते 'खरं' ठरलं, कारण शिरोव जगज्जेता झाला नाही. भाकीत करायचं, भाकिताच्या जोरावर दार लावून घ्यायचं, आणि मग सांगायचं, बघा, तो आत आलाच नाही. भाकिताचा हा सगळ्यात हरामखोर प्रकार. याच्यासमोर कापाब्लांकाला जिंकवणारे पंडित परवडले. त्यांनी निदान डाव तरी होऊ दिला.

आणि ज्या क्रॅमनिकला हरल्यावरही मागल्या दारानं खुर्ची मिळाली, तो २०२४ साली गुकेशच्या विजयावर नाक मुरडतो. चूक कुणाची पोरकट, राव?

हा धंदा जुना आहे. १९२२ साली कापाब्लांकानं लंडनमध्ये नियम केले: मला आव्हान द्यायचं तर दहा हजार डॉलरची थैली आधी उभी करा. पोलंडचा रुबिन्स्टाइन, आपल्या काळातला मोठ्यातला मोठा खेळाडू. १९१४ साली लास्करशी त्याचा सामना ठरत होता, तो महायुद्धानं खाल्ला. पुढे कापाब्लांकाला आव्हान द्यायचं तर थैली जमेना. निम्झोविचलाही जमली नाही. अलेखिनला जमली, अर्जेंटिनावाल्यांनी हात दिला म्हणून. पण विचार करा. ज्याच्यावर सगळ्या दुनियेचं भाकीत उलटं होतं, त्याच्यासाठी कुणीतरी थैली उघडली, डाव मांडला गेला, म्हणूनच भाकीत फुटलं! थैली नसती तर आजही पंडित सांगत असते, अलेखिन कापाब्लांकासमोर टिकला नसता.

आणि आपल्या इकडचा सुलतान खान. पंजाबातला, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरचा. इंग्रजी पुस्तकं त्याला 'नोकर' म्हणत आली. त्याच्या घरच्यांनी ते नाकारलंय, ते काहीही असो. एवढं पक्कं की तो मालकाबरोबर विलायतेला गेला आणि मालकाबरोबर परत आला. देशी रीतीचं बुद्धिबळ खेळत वाढलेला. १९२९ ला लंडनला उतरला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मारलं. १९३२ ला पुन्हा. १९३३ ला पुन्हा. हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं, त्याच कापाब्लांकाला! ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसला. त्याच घराण्याच्या पदरची फातिमा १९३३ साली ब्रिटिश महिलांची विजेती झाली. मग जमीनदाराचं लंडनचं काम संपलं. सामान बांधलं, बोट सुटली, खेळ खलास.

सुलतान खान जगज्जेता होईल की नाही, याचं भाकीत कुणी केलं? कुणीच नाही! चुकीचं भाकीत व्हायलासुद्धा माणूस आधी मोजणीत यावा लागतो. फिडेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं २०२४ साली. तो मेला १९६६ ला. अठ्ठावन्न वर्षं उशीर. हार घालायला फोटो सोडून काही उरलं नव्हतं.

मुंबईतलीच गोष्ट घ्या. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय तेरा. बाप 'नवाकाळ'चा संपादक, घर मोठं, तरी दार बंद. पोरीनं पुरुषांत खेळायचं? प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी फिडेच्या अध्यक्षानं सांगितलं की बाईला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मज्जाव करता येणार नाही. तो अध्यक्ष कोण होता माहितीय? माक्स ऑयवे. तोच गणिताचा मास्तर, ज्याच्याविरुद्ध १९३५ साली सगळ्यांचं भाकीत होतं. भाकिताचा मार खाल्लेला माणूस दार उघडतो. निदान त्यानं तरी उघडलं. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं एकोणिसाव्या वर्षी महिलांचा वर्ल्ड कप मारला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. पंधराव्या मानांकनाची पोरगी. भाकितवाल्यांच्या यादीत वरून शोधत गेलात तर बोट दुखेल.

नावाजलेल्या घरातल्या पोरीला दारासाठी कोर्टात जावं लागलं. मग ज्याच्या घरात पटच नाही, त्याचं काय?

आपल्याला हे सांगायची गरज नाही, दोस्तहो. शाळेच्या टीमची नावं लिहून घेताना मास्तर वर न बघता आडनाव विचारतो. आडनाव ऐकतो. मग म्हणतो, तू कबड्डीत जा, बुद्धिबळ हे डोक्याचं काम आहे. त्यानं तुझा एक डाव बघितलेला नाही. तुझा आकडा शून्यसुद्धा नाही, कारण शून्य मिळवायलाही खेळावं लागतं. तो भाकीत करतो जन्मावरून. कबड्डीला काय डोकं लागत नाही? लागतं. पण ते त्याच्या भाकितात बसत नाही. आणि दहा वर्षांनी तोच मास्तर स्टाफरूममध्ये सांगतो, यांच्यातनं बुद्धिबळात कुणी पुढे येत नाही बघा. शिरोवच्या दाराला लावलेलं कुलूप आणि हे कुलूप एकाच कारखान्यातलं.

५

मग काय, भाकीतच करायचं नाही?

करा की! नाक्यावर बसा, चहा मारा, पैजा लावा, पुढच्या सामन्यात कोण जिंकणार यावर रात्र जागवा. भाकीत करणं हा माणसाचा हक्क आहे. पण आपली रीत पंडितांची नको. आपण तीन अटी पाळू.

पहिली अट. सामन्याआधी लिहून ठेवा, आणि आकड्यात लिहा. 'गुकेश भारी आहे' हे भाकीत नव्हे, ती वाफ. शंभरातले किती, ते लिहा. साठ म्हणालात तर चाळीसही तुम्हीच लिहिलेत, हे विसरू नका. निकालानंतर कागद भिंतीवर लावा. चुकलेला आधी लावा.

दुसरी अट. कशावरून म्हणता ते सांगा. डाव बघितलेत? कुठल्या सुरुवातीत कोण अडतो, वेळ संपत आली की कुणाचा हात थरथरतो, हरल्यावर दुसऱ्या दिवशी कोण कसा उभा राहतो, हे बघितलंत? सिंगापूरला डिंगचं बाराव्या डावातलं उभं राहणं यादीत तेविसावा नंबर बघून कळलं नसतं. ते त्याचे जुने डाव बघून कळलं असतं. ज्यानं डाव बघितला नाही आणि जात, देश, वंश, डोकं, 'रक्तातच आहे' असलं बोलतो, त्याला तिथंच थांबवा. गुकेश जिंकला तेव्हा तो आमचा म्हणून तामिळनाडू आणि आंध्रचे मुख्यमंत्री पुढे सरसावले. पण पटावर रक्त बसत नाही, माणूस बसतो. त्या पोरासाठी बापानं कान-नाक-घशाची डॉक्टरकी बाजूला ठेवली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तामिळनाडू सरकारनं चेन्नईत जी स्पर्धा भरवली, त्यातल्या गुणांवर त्याला टोरांटोचं तिकीट मिळालं. बापाची कमाई आणि सरकारचा पैसा. दार उघडलं ते यांनी. रक्तात असलं तरी दारापाशी येऊन थांबलं असतं.

तिसरी अट, आणि हिच्याशी तडजोड नाही. तुमच्या भाकितावर कुणाची खुर्ची ठरता कामा नये. हरेल असं वाटतं? वाटू द्या. शंभरातले पाचच त्याचे, असं वाटतं? वाटू द्या. त्या पाचांसाठी पट मांडा. तो हरला तर तुमचं भाकीत खरं, चहा तुमचा. जिंकला तर आणखी बरं, जगाला काहीतरी नवं कळलं. पण खेळायच्या आधीच हरवू नका. खेळून हरलेल्याच्या पदरात निदान एक डाव असतो. न खेळता हरवलेल्याच्या पदरात काय असतं? शिरोवला विचारा. सुलतान खानला आता विचारता येत नाही.

पुढचा सामना येईल. पुन्हा पंडित बसतील. पुन्हा म्हणतील, आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा त्यांना कोण जिंकणार हे विचारू नका. विचारा, समोरच्या खुर्चीत कोण बसणार हे कुणी ठरवलं? कुणाच्या पैशानं? कोण येता येता दारात अडला?

आणि तुमच्या वस्तीत कुणी पोरगं पुठ्ठ्यावर चौकोन आखून, बाटल्यांची बुचं मांडून बसलं असेल, तर त्याचं भाकीत करू नका. त्याच्यासमोर बसा. पांढरी त्याला द्या. चाल त्याची आहे.